धाकट्याच्या मापाचे स्टूल

तीनच स्टुले करायची आणि चौथ्याचे लाकूड माळ्यावर टाकायचे, असा माईंचा हुकूम होता. माईंचा हुकूम मोडण्याची त्या घरात कोणाची प्राज्ञा नव्हती.

उंच ओट्याशी बसायला पाठीची चार स्टुले हवीत, हे खूळ मुळात त्यांच्या धाकट्या मुलाचे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने पाय, पट्ट्या, पाठी सारे कापून, खाचा पाडून, काचकागद मारून तयार ठेवले होते. जुळवणी तेवढी राहिली. मग एका सकाळी तो कामावर निघाला आणि वाटेतच ट्रकखाली गेला. त्या दिवसापासून माईंनी त्याचे नाव घरात काढू दिले नाही. त्याच्या खोलीला कुलूप लागले, त्याचा कप कपाटाच्या तळाशी गेला.

शेड त्यांनी स्वतः आवरली. धाकट्याने एकेका स्टुलाचे पाय सुतळीने वेगळे बांधून त्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. ते अक्षर माईंना डोळ्यांपुढे नको होते. त्यांनी सुतळ्या सोडल्या, ओल्या फडक्याने खुणा पुसल्या आणि चमचे लावावेत तसे सगळे पाय एका रांगेत लावून टाकले.

सुट्टीच्या दिवशी थोरल्याने जुळवणीला हात घातला.

"पाय टेकायच्या पट्टीची खाच प्रत्येकात वेगळ्याच उंचीवर आहे गं," तो बायकोला म्हणाला. "हात चुकला असेल त्याचा."

"हळू बोला, माई ऐकतील. आणि सरस लाकडाला लावा, पँटला नव्हे."

नवरा-बायकोने सुटे पाय उभे करून पाहिले आणि आपापल्या सोयीचे निवडले. उरलेल्या दोन संचांतला जो हाताला लागला, त्याचे माईंचे स्टूल झाले. शेवटचा संच माळ्यावर गेला.

माई पहिल्यांदा त्यावर चढून बसल्या, तेव्हा थोरला वाकून पाहू लागला.

"आई, पाय पोचतात ना?"

"पायांना काय धाड भरलीय? आहेत जागच्या जागी."

पण ते जागच्या जागी नव्हते. पट्टी टाचांपासून वीतभर खाली राहिली होती आणि शाळेतल्या पोरीसारखे त्यांचे पाय अधांतरी लोंबत होते. पाठीचा बाक कमरेला लागायला हवा होता, तो खांद्यांशी येऊन थांबला होता. माईंना वाटले, आपण चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलो आहोत आणि तो माणूस मागे उभा राहून आपण उठण्याची वाट पाहतो आहे.

दुसऱ्या सकाळी ते स्टूल खिडकीकडे तिरके वळलेले दिसले. माईंनी ते सरळ केले. तिसऱ्या सकाळी पुन्हा तसेच.

"सूनबाई, स्टुलाचं तोंड ओट्याकडे असतं."

"मी हातही लावला नाही, माई. ह्यांना विचारा."

"मला काय विचारतेस? सकाळी चष्म्याशिवाय मला माझंच स्टूल सापडत नाही!"

सून हसली आणि मध्येच थांबली. खिडकीकडे तिरके बसून, एक पाय पट्टीवर नि एक जमिनीवर टेकून चहा पिणारा माणूस त्या घरात एकच होता.

त्या दुपारी घरात माई एकट्याच होत्या. त्या पाठमोऱ्या भांडी पुसत असताना मागे लाकूड करकरले, कोणीतरी अंग टाकावे तसे. मग पट्टीवर टाच आपटल्याचा आवाज आला. माईंच्या हातातले ताट तसेच राहिले.

"लाकूड नवं आहे. कुरकुरणारच," त्या मोठ्याने म्हणाल्या. मग ताट ठेवून त्या वाकल्या आणि पट्टीला हात लावला. तिथवर ऊन पोचत नव्हते, तरी पट्टी कोमट होती.

संध्याकाळी थोरला करवत घेऊन आला. "आई, ही पट्टी कापून टाकतो आणि वर नवी बसवतो. किती दिवस पाय लोंबकळत ठेवणार?"

त्याने स्टूल आडवे केले आणि पट्टीवर करवत टेकवली. त्याबरोबर माईंना शेडमधली एक सकाळ आठवली. धाकट्याने त्यांना लाकडाच्या थप्पीवर बसवले होते. "पाय सैल सोड, आई. घडीभर हुकूम विसर," असे म्हणत त्याने तळव्यांखाली पट्टी धरली, ती वर-खाली सरकवली आणि जिथे पाय विसावले तिथे खूण केली. त्याने प्रत्येकाला असेच बसवले होते. स्वतःला सर्वांत शेवटी.

"करवत खाली ठेव."

"अगं, पण त्याचा हात चुकलाय..."

"त्याचा हात कधी चुकला होता?"

सुनेने शेगडी बंद केली आणि वळून पाहिले. इतक्या महिन्यांत माईंच्या तोंडून त्याचा उल्लेख प्रथमच निघाला होता.

"हे त्याचं स्टूल आहे. माझं अजून व्हायचंय. माळ्यावरचे पाय उतरव."

"पण खुणा तर पुसल्यात. ते तुझेच कशावरून?"

"माझे पाय मला कळणार नाहीत?"

चौथे स्टूल उभे राहिले. सरस वाळल्यावर माई त्यावर बसल्या आणि तळवे पट्टीवर अलगद टेकले. कमरेला पाठीचा बाक नेमका लागला.

दुसऱ्या सकाळी शेजारचे स्टूल खिडकीकडे वळलेलेच होते. माईंनी ते सरळ केले नाही. कपाटाच्या तळातून कप काढला, विसळला, त्यात चहा ओतून ओट्याच्या त्या टोकाला ठेवला आणि आपल्या जागी येऊन बसल्या. मग तिकडे न बघता, नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या,

"पाठ टेकून सरळ बस."

शेजारी लाकूड हळूच करकरले.