भुताचं नाव

मारेगावच्या वेशीबाहेर, जिनिंगच्या जुन्या शेडात रोज दिवस उगवताच गिनती व्हायची. डोमाजी पूर्वी पलटणीच्या दवाखान्यात अर्दली होता. लढाईवरून डोकं बिघडून आलेल्या जवानांना घरचेच साखळीनं बांधतात, हे त्याला सोसवेना. आदल्या दसऱ्याला नागपूरहून धम्म घेऊन परतला आणि अशा सहाजणांना त्यानं इथं आणलं. साखळी नाही, मार नाही. नाव पुकारलं की "हाजीर" म्हणायचं, एवढाच कायदा. ज्याला स्वतःचं गाव आठवत नव्हतं, त्यालाही हा शब्द आठवायचा.

तांड्यावरचा हरिसिंग सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा.

"अबे, मी इथंच आहो, दिल्लीत नाही!" डोमाजी कानावर हात ठेवायचा, अन् हरिसिंग पोट धरून हसायचा.

सत्तावनच्या पावसाळ्यात फ्लूची साथ आली. डोमाजी पडला, आणखी दोघं पडले. शेड आली तुळसाबाईवर. तिचा नवरा उकंडा सहांतलाच एक, म्हणून ती इथं रांधायला राहिली होती. तिनं आजाऱ्यांच्या चटया एका टोकाला नेल्या, मधे गोणपाट बांधलं, पाणी उकळलं, पेज पाजली. अक्षर येत नव्हतं. गिनतीची नावं तोंडपाठ होती.

अशात हरिसिंगचा थोरला भाऊ बाबूसिंग बैलांची बंडी घेऊन आला.

"इथं साथ हाय, बाई. मी याले घरी नेतो."

"साखळी बांधशीन त्याले."

"मारो भिया छ! भाऊ हाय माझा. कायले बांधीन?"

तीन रात्री ती झोपली नव्हती. एक माणूस कमी झाला तर दुसऱ्यांना पाणी पाजता येईल, असं तिच्या मनात आलं. "ताप आला तर निजू दे, पानी देत राय," एवढं सांगून तिनं हरिसिंगला बंडीत बसवलं. ही चूक तिची.

नवव्या दिवशी बंडी पुन्हा आली. बाबूसिंगच्या हातात नुसती साखळी होती. मागून तुळसाबाईचा दीर फकिरा उतरला.

"गेला," बाबूसिंग म्हणाला. "तिसऱ्या दिवशी अंग तापलं, थरथरून राह्यला. भगत म्हने, भूत हाय. नाव सांगेपर्यंत पानी देऊ नका. निंबाले बांधलं. मंग सांगितलं भुतानं नाव."

"काय सांगितलं?"

"हाजीर. दोन दिवस तेच. भगत म्हने, हाजीर नावाचं भूत हाय, चांगलं झोडा."

तुळसाबाईचा आवाज शेडभर फुटला.

"अरे, भूत नोहतं ते! गिनती देऊन राह्यला होता तो! कोनी तरी आपलं नाव पुकारलं, असं वाटलं त्याले! अन् तुम्ही झोडलं?"

फ्लूला औषध नव्हतं, कबूल. पण विहिरीला पाणी होतं ना? देशासाठी गोळ्या झेललेला माणूस ओंजळभर पाण्यावाचून तडफडला आणि भोवती त्याचेच सोयरे निंबाचे फोक घेऊन उभे होते! भगताला नावं ठेवून शहाण्यांनी सुटू नये. साखळी काही भगतानं आणली नव्हती. ती घरातलीच होती.

फकिरा चाचरत म्हणाला, "वहिनी, याची बंडी न् साखळी मागून मी उकंडादादाले न्याले आलतो. साथ हाय म्हनून..."

तिनं बाबूसिंगच्या हातची साखळी हिसकावली आणि फकिराच्या पायाशी फेकली.

"पह्यले तू घाल पायात. आजचा दिवस निंबाखाली बिनपान्याचा बस. मंग ने तुया दादाले."

फकिरा दोन पावलं मागं सरकला. त्यानं पुन्हा भावाचं नाव काढलं नाही.

"अन् तू," ती बाबूसिंगला म्हणाली, "सकाळच्या गिनतीले थांब. भावाच्या नावाले तू जबाब दे."

सकाळी तुळसाबाईनं नावं पुकारली. उकंडा बोलला. गोणपाटाआडून डोमाजीही खोल गेलेल्या आवाजात "हाजीर" म्हणाला.

"हरिसिंग!"

रांगेच्या शेवटी बाबूसिंग उभा होता. त्याचे ओठ हलले. शब्द निघाला नाही.

तुळसाबाईनं पुढचं नाव घेतलं नाही. त्याच्याकडे पाहत तिनं पुन्हा पुकारलं, "हरिसिंग!"