सवतीचा टाक

देवश्रीला मुलगी झाली ते वर्ष दोन हजार तेवीस. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमची रीत. पण पस्तिसाव्या वर्षीचं मूल, डॉक्टर बेंगळुरूचे, नोकरी तिथली, म्हणून ती निपाणीला आली नाही, मीच तिच्या राजाजीनगरच्या घरी गेले. पिशवीत डिंक, हळीव, जुन्या लुगड्यांची दुपटी. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक.

तो टाक माझ्या सवतीचा. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं मेलेल्या पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं आणि मग नेसायचं. टाकावर बाईची आकृती असते, नाव नसतं. लहानपणी देवश्रीनं विचारलं होतं, "आई, ही कोण?" मी म्हणाले, "देवी." तेव्हापासून परीक्षेला जाताना ती त्याला हात लावून जायची. आपल्याच आईच्या पाया पडतो आहोत हे तिला कुणी सांगितलं नाही.

वीणा तिचं नाव. देवश्री एक्केचाळीस दिवसांची असताना ती गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा पोर दहा महिन्यांची होती. माझ्या नवऱ्यानं, बसवंतांनी, गाव सोडलं, निपाणीत तंबाखूच्या वखारीत नोकरी धरली आणि नव्या जागी सगळ्यांनी मलाच तिची आई मानलं. मला पुढं मूल झालं नाही. पोर माझ्यासारखी घडी घालायची, माझ्यासारखी तोंडावर हात धरून हसायची. शेजारणी म्हणायच्या, अगदी आईवर गेली आहे. मला ते ऐकायला इतकं गोड वाटायचं की पुढं पुढं मलाही ते खरं वाटू लागलं.

बाळंतपणानंतर पहिले पंचवीस दिवस देवश्री सारखी विचारायची, "आई, ती श्वास घेतेय का? बघ ना." दिवसातून तीस वेळा. तिचा नवरा गुरुप्रसाद सरकारी संशोधन संस्थेत इंजिनियर. तो म्हणायचा, "आई, हिला सांगा, मूल काय मशीन आहे का दर मिनिटाला तपासायला?"

मग एक दिवस तिनं विचारणं बंद केलं. बाळ रडलं तरी भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मी वेणी घालायला बसले तर म्हणाली, "राहू दे."

गुरुप्रसादला बरं वाटलं. "आता स्वल्प शांत झालीय," म्हणाला.

मला नाही वाटलं. माझ्या सासूबाईंनी एकदा भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता मला सांगितलं होतं, वीणा आधी सारखी पोरीचा श्वास बघायची. मग बघायची थांबली. "आम्हाला वाटलं, सुधारली," सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजू लागले. सव्वीस. सत्तावीस. या घरात विहीर नव्हती, पण अंगणात संप होता, जमिनीखालची पाण्याची टाकी, वर लोखंडी झाकण. एका सकाळी देवश्री त्या झाकणाजवळ उभी दिसली. मी हाक मारली तर म्हणाली, "काही नाही, ऊन खायला आले." तिथं ऊन येत नव्हतं.

वॉचमन शिवाप्पाला मी कुलूप लावायला सांगितलं. तो कानडीत हसून म्हणाला, "अज्जी, संपाला कुलूप? पाणी कोण चोरतंय?"

"तू लाव. किल्ली माझ्याकडं दे."

"सरी अज्जी, लावतो. उद्या झाडालाही लावू."

किल्ली मी टाकाच्या दोऱ्यातच ओवली.

तेहेतिसाव्या दिवशी मी गच्चीवर जाऊन बसवंतांना फोन केला. "अहो, पोरीचं लक्षण बरं नाही. वीणासारखं करतेय. सांगून टाकू का?"

ते म्हणाले, "पस्तीस वर्षांनी काय सांगणार? तिच्या सासरचे म्हणतील, वेडाचं रक्त गळ्यात मारलं."

"आणि पोरच गेली तर?"

"असं बोलू नको. तुझ्या हातची आहे ती, भागू. तू वाढवलीस. तुझ्यासारखीच निघणार."

हेच मीही इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते. आता ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मला कळलं की त्याच्या भरवशावर पोरीला सोडता येणार नाही. पण सांगायचं म्हटलं की दुसरी भीती वर यायची. ती मला आई म्हणायची थांबली तर? मी रोज ठरवायचे, आज सांगते. रोज तिच्यापुढं शेपूची भाजी आणि भाकरी ठेवून परत यायचे.

अडतिसाव्या दिवशी तिला तपासायला नेलं. बाळ माझ्या मांडीवर होतं. डॉक्टर अश्लेषा बेळगावची, मराठी बोलणारी. वजन, रक्तदाब झाल्यावर तिनं कागदावरचे प्रश्न विचारायला घेतले.

"घरात कुणाला बाळंतपणानंतर मनाचा त्रास झाला होता? आईला, मावशीला?"

"नाही," देवश्री म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "माझ्या आईला मी कधी रडताना पाहिलेलं नाही. तिनं मला हसत वाढवलं. मीच अशी निघाले."

डॉक्टरनं 'नाही'वर खूण केली. पुढचा प्रश्न झोपेचा होता.

मी तोंड उघडलं. पोरीदेखत ते बोलवेना. बाळाला गुरुप्रसादकडं दिलं, टेबलावरचं पेन उचललं आणि औषधाच्या जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहायला लागले. मला लिहायला वेळ लागतो. चाळिशीत शिकले, देवश्री सातवीत असताना, तिच्याच जुन्या पाटीवर, तिनंच हात धरून गिरवून घेतलं.

"आई, काय लिहिताय?" गुरुप्रसाद म्हणाला. "सामानाची यादी घरी करू."

मी लिहीत राहिले. लिहून झाल्यावर कागद डॉक्टरकडं सरकवला, पण देवश्रीनं तो मधेच घेतला. माझं अक्षर तिला लागतं. तिनं तो दोनदा वाचला. मग माझ्या गळ्याकडं पाहिलं.

"ही देवी नाही."

"नाही."

"तिला असंच व्हायचं?"

"असंच. तीही विचारायची थांबली होती."

देवश्रीचं तोंड वेडंवाकडं झालं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. "मला वाटायचं, तुझ्या पोटची असून मी अशी कशी. माझंच काहीतरी किडकं आहे."

डॉक्टरनं कागद वाचला, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

"संपाचं झाकण दोनदा उचललं," देवश्री म्हणाली. "तिसऱ्यांदा कुलूप होतं."

गुरुप्रसाद उभ्याचा खाली बसला, बाळासकट.

तिला त्याच दिवशी दवाखान्यात ठेवून घेतलं. औषधं सुरू झाली. लक्ष ठेवायला एक बाई कायम खोलीत. एक्केचाळिसाव्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या पलंगाला हात लावून बसले. पाणी प्यायलाही उठले नाही. ती माझ्याशी बोलत नव्हती. चार दिवस बोलली नाही. मी येईन तेव्हा डोळे मिटून घ्यायची आणि मला वाटायचं, जे व्हायचं होतं ते झालं. पोर वाचेल, पण माझी राहणार नाही.

पाचव्या दिवशी मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. कूस न वळवताच म्हणाली, "आई, ती श्वास घेतेय का? बघ ना."

मी वाकून बघितलं. "घेतेय."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा बघितलं.

तो कागद अजून देवश्रीच्या फाईलमध्ये आहे. त्यावर मी एवढंच लिहिलं होतं:

देवश्रीची जन्मदाती आई मी नाही. तिची आई वीणा. बाळंतपणानंतर तिचं मन बिघडलं, आणि पोर एक्केचाळीस दिवसांची असताना, १६ जुलै १९८८ रोजी सकाळी, घराच्या विहिरीत ती मेली.