हुसिव्काचा देखावा

हुसिव्का गावाला इतिहास नाही हे कळल्यावर दीनानाथांचा चेहरा इतका पडला, की मधुमतीला आपल्या नवऱ्याची दयाच आली.

"किल्ला नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मधुमतीने फोनमध्ये मराठीत विचारलं, फोनने ते युक्रेनियनमध्ये म्हणून दाखवलं. समोर चहा पीत बसलेल्या हालिनाने नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. किल्ला नाही.

"एखादी जुनी लढाई? सरदार? संत? गेला बाजार एखादा दरोडेखोर?"

यावर हालिना बराच वेळ बोलली. दीनानाथ पेन सरसावून बसले. फोन म्हणाला, "एकदा ओलेनाची गाय विहिरीत पडली. सगळ्या गावाने मिळून तिला बाहेर काढलं. ती पुढे पुष्कळ वर्षं दूध देत होती."

दीनानाथांनी पेनाला टोपण लावलं.

दीनानाथ हे इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या थेम्सकाठ महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. दुसऱ्या कुणाला व्हायचं नव्हतं म्हणून ते गेली कित्येक वर्षं बिनविरोध निवडून येत होते, आणि याला ते लोकप्रियता म्हणत. मंडळाच्या गणपतीपुढचा देखावा हा त्यांचा जीव की प्राण. मागच्या वर्षी एजवेअरच्या मंडळाने चंद्रयान केलं होतं, खरा धूर सोडला होता. तेव्हापासून दीनानाथांना अन्न गोड लागत नव्हतं. यंदा त्यांना अचानक सुचलं, की काखेत कळसा नि गावाला वळसा कशासाठी? युद्ध सुरू झालं त्या साली त्यांनीच सरकारी योजनेतून हालिनाला आसरा दिला होता. मुलगा एडिनबराला गेल्यापासून रिकामी पडलेली खोली तिला मिळाली होती. म्हणजे घरातच आयती युक्रेनियन बाई होती, आणि तिचं आयतं उद्ध्वस्त झालेलं गाव होतं.

पण गावाने साथ दिली नाही. शंभरेक वर्षांपूर्वी चार कुटुंबं बदकं घेऊन एका तळ्याकाठी येऊन राहिली, ही हुसिव्काची स्थापना. रेल्वे येणार येणार म्हणून वीस वर्षं वाट पाहिली, ती दुसरीकडून गेली. शाळा आली, मुलं संपल्यावर बंद झाली. वीज आली त्या रात्री लोक नाचले. हळूहळू तरणी माणसं शहरात गेली आणि उरली सात घरं. मग सैन्य आलं. त्यालाही हुसिव्का नकोच होतं, पलीकडचं मोठं शहर हवं होतं. गाव फक्त वाटेत होतं. एका दुपारी सातही घरं पडली. आता तिथे कुणी राहत नाही.

देखाव्याचं कळल्यावर मात्र हालिना बदलली. एरवी दिवसभर खिडकीशी बसणारी ही बाई जेवणाच्या टेबलावर थर्माकोल, सीरिअलची खोकी आणि कात्री घेऊन बसली. ओलेनाचं फाटक हिरवं. पेत्रोचं छप्पर एका बाजूने कललेलं, कारण पेत्रो आळशी. तळ्याला आरसा. मधुमती बदकं रंगवायला बसायची. कामात दोघींना फोन लागत नसे. एकदाच हालिनाने तो जवळ ओढला आणि विचारलं, "हे उभं राहणार ना?"

"राहणार, हालिनाताई. मी आहे ना," मधुमती म्हणाली.

शब्द देताना तिला कमिटीचा विसर पडला होता.

कमिटी मीटिंगमध्ये समरने लॅपटॉप उघडला. समर पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला, मंडळाचं तांत्रिक अंग. "काका, प्रत्येक घर बिजागरीवर. खाली मोटर. रॉकेटचा साउंड, रेड लाइट, स्मोक, आणि वन बाय वन सगळी घरं कोलॅप्स. एजवेअरवाले पाणी मागणार नाहीत!"

"पाडायची कशाला?" मधुमती म्हणाली. "नुसतं गाव दाखवू या ना. तळं, बदकं."

"काकू, विथ ड्यू रिस्पेक्ट, लोक आठ मिनिटं बदकं बघत उभे राहणार? इम्पॅक्ट नको?"

मतदान झालं. मधुमतीच्या बाजूने एकच हात वर झाला, तिचा स्वतःचा. घरी परतताना गाडीत तिने नवऱ्याशी अबोला धरला.

"अगं, जरा विचार कर," दीनानाथ म्हणाले. "युद्ध झालं नसतं तर तुझ्या त्या हुसिव्काचं नाव तरी कुणी घेतलं असतं का?"

यावर ती आणखीच चिडली.

पहिल्या दिवशी मेयर आले, शाल पांघरून फोटो काढून गेले. अंधार झाला आणि दीनानाथांचा ध्वनिमुद्रित आवाज हॉलभर घुमला, "हे वीरप्रसवा हुसिव्का! तुझ्या मातीचा कण न् कण शौर्याची गाथा गातो आहे!" टेकडीवर एक बुरूज होता. मुलांच्या दिवाळीतल्या किल्ल्याचा तो उरलेला भाग दीनानाथांना टाकवला नव्हता.

"ते काय आहे?" हालिनाने फोनवर विचारलं.

"पाण्याची टाकी," मधुमतीने ठोकून दिलं.

मग धूर आला, लाल दिवे लागले, एकेक घर धाडधाड आडवं झालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मधुमतीला झालं होतं. हालिनाकडे बघायचं धैर्य तिच्याजवळ नव्हतं.

तेवढ्यात समर ओरडला, "ओके, रीसेट!" पुढच्या खेळासाठी त्याने बटण दाबलं. मोटरी घुरघुरल्या आणि आडवी पडलेली घरं हळूहळू उठायला लागली. ओलेनाचं घर उठलं, फाटक उठलं. पेत्रोचं अर्ध्यात अडकलं, त्याला समरने बोटाने टोचलं, तेव्हा तेही उठलं. हालिना खुर्चीतून उभी राहिली होती.

त्यानंतर तिने एकही खेळ चुकवला नाही. पाच दिवस रोज सगळ्यांच्या आधी ती पहिल्या रांगेत हजर. "बघ, किती आवडलाय!" दीनानाथ बायकोला म्हणाले, आणि आरतीनंतरच्या भाषणातही त्यांनी ते सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मधुमतीने शेजारी बसून पाहिलं. धूर यायच्या आधीच हालिना कानांत बोटं घालून मान खाली घालत होती. टाळ्या वाजल्या तरी ती वर बघत नसे. मोटरींची घुरघुर पायांना जाणवली, की मान वर. लोक तेव्हा चहाच्या रांगेकडे पळालेले असत. ते अर्धं मिनिट देखावा पाहायला तिथे त्या दोघीच उरत. तिसऱ्या दिवशी पेत्रोचं छप्पर पुन्हा अडकलं, तेव्हा समरच्या आधी हालिनाचा हात पोहोचला.

विसर्जनाच्या दिवशी समरने शेवटच्या खेळाला दुप्पट धूर सोडला. टाळ्याही दुप्पट पडल्या. घरं आडवी झाली आणि समरने प्लग काढून वायरी कापायला सुरुवात केली. हॉलचा केअरटेकर किल्ल्या वाजवत दारात उभा, सहाला झुंबाचा क्लास होता. बाहेर कारपार्कात ढोल सुरू झाले. दीनानाथ रेशमी कुर्ता नि फेटा सावरत गणपती उचलायला पुढे झाले.

हालिना देखाव्यापाशी थांबली होती. तिने मधुमतीकडे पाहिलं. फोनने विचारलं, "घरं कधी उठणार?"

"काकू, लास्ट शो झाला," समर म्हणाला. "आता रीसेट कशाला? डायरेक्ट कचऱ्याच्या स्किपमध्ये."

मधुमतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिला असा राग आला, की गेल्या चाळीस वर्षांत आला नव्हता. ती जाऊन सरळ गणपतीच्या पुढ्यात फतकल मारून बसली.

"अहो, गुडघे टेका."

"काय?"

"गाव उभं करा. हातांनी. त्याशिवाय हा गणपती इथून हलणार नाही."

"अगं, मुहूर्त... हॉलची वेळ..."

"सगळे बघतायत," मधुमती म्हणाली. "अध्यक्ष आहात ना?"

दीनानाथ कण्हत गुडघ्यांवर आले. उदबत्तीच्या पुड्यांचे नि मोदकांच्या डब्यांचे टेकू देत एकेक घर उभं करू लागले. एक घर त्यांनी भलतीकडे ठेवलं, तेव्हा हालिनाने त्यांच्या हातावर चापट मारली आणि ते जागेवर नेलं. समरही मुकाट्याने खाली बसला. सातवं घर उभं राहिल्यावर हालिनाने टेकडीवरचा बुरूज उचलला आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकला. फोनमधून ती म्हणाली, "आमच्याकडे पाण्याची टाकी कधीच नव्हती." दीनानाथांनी बुरूज जाताना पाहिला आणि फेटा सावरला.

मग मधुमती उठली आणि गणपती बाहेर निघाला. नदीत परवानगी नाही म्हणून कारपार्कात मोठा निळा टब भरून ठेवला होता. मूर्ती पाण्यात जाताना सगळे ओरडले, "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!"

"काय म्हणतात?" हालिनाने विचारलं.

मधुमतीने फोनला सांगितलं, फोनने तिला.

"आणि येतो?"

"येतो ना. दरवर्षी."

हालिनाने मागे वळून हॉलच्या खिडकीकडे पाहिलं. आत दिवा चालू होता, आणि ओलेनाचं हिरवं फाटक इथूनही दिसत होतं. पुढच्या आरोळीला तिने सगळ्यांबरोबर तोंड उघडलं. अर्धे शब्द चुकले, पण आवाज सगळ्यांत मोठा तिचाच होता. टबाकडे तिची पाठ होती.