ॲम्पचं बटण

सकाळी सव्वासहा वाजता गाडी सुरू झाली नाही. मधल्या सीटवर हर्षदा आडवी होती, तिचं डोकं तिच्या आईच्या, गिताबाईंच्या मांडीवर होतं. चावी फिरवणारा तिचा नवरा बिरदेव होता. समोर एक मंद दिवा लागला आणि विझला. इंजिनाने आवाजही केला नाही.

गाडी बिरदेवची नव्हती. तो ड्रायव्हर. गाडी पृथ्वीराजची, म्हणजे मांडवगण फराट्याच्या शिवारात उसाचे मळे असलेल्या कोंडिबा आबांच्या एकुलत्या मुलाची. बिरदेवचं घर आबांच्या बंगल्यामागे, बांधापलीकडे. साल २००७. गाडी नवीकोरी होती.

तिच्यात कंपनीचा स्टिरिओ होता, ड्रायव्हरच्या सीटखाली खर्जाचा दणका देणारा कंपनीचाच एक चपटा सबवूफरही होता. पृथ्वीराजला तो पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. मित्रांच्या गाड्या बाजारात शिरल्या की दुकानांचे पत्रे थरथरत. ह्याची गाडी आली तर शेजारून जाणारी म्हैसही मान वळवत नाही, असं ते म्हणत. म्हणून तो बिरदेवला घेऊन दौंडला हौशीरामच्या दुकानात गेला. हौशीरामने एक गाणं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"दादा, ह्यो सबवूफर हाय का सर्दी झालेला म्हातारा? नुसता खाकरतोय."

"म्हणूनच आलोय. मोठा टाक. पण कंपनीच्या वायरिंगला ब्लेड लागता कामा न्हाई. वॉरंटी जाती."

"वायरिंग न सोलता ॲम्प बसवायचा म्हंजी न्हाव्याला म्हणायचं, डोक्याला हात न लावता कटिंग कर."

"तुला जमत नसंल तर तसं सांग."

जमत होतं. अडचण एवढीच, की बाहेरून बसवलेल्या ॲम्पला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राला, आता चालू हो, आता बंद हो, हे सांगणारी एक बारीक वायर लागते. ती गाडीच्या वायरिंगमधून काढली तर चावीबरोबर ॲम्पही बंद होतो. तिथे हात लावायचा नाही म्हटल्यावर हौशीरामने धंद्यात सगळे करतात तेच केलं. बॅटरीपासून सरळ एक वायर आणली आणि ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी एक बटण दिलं. चावी काढली की गाणं थांबणार, पण बटण बंद केलं नाही तर ॲम्प बॅटरी पीत राहणार. मागच्या सीटा काढून तिथे नव्या सबवूफरचा खोका बसवला. ॲम्प खोक्यामागे गेला आणि वर गालिचा आला. ॲम्पवरचा लाल दिवा त्या गालिचाखाली गेला.

बटणाबद्दल सांगितलं होतं, असं हौशीराम आजही म्हणतो. कुणाला? "पुढं जो बसला हुता त्याला." पुढे आळीपाळीने दोघेही बसले होते आणि गाणं पूर्ण आवाजात चालू होतं. बटणाचं आपल्याला ठाऊक नव्हतं, असं मात्र दोघांपैकी एकानेही कधी म्हटलेलं नाही.

एप्रिलमध्ये गिताबाई निमोण्याहून लेकीला न्यायला आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती.

"अमावास्येला पोटुशी पोर वेशीबाहेर काढता व्हय?" आबांनी विचारलं. "आन् एसटीत आदळत कशाला न्यायची? अमावास्या सरू द्या, मग गाडीनं जावा. बिऱ्या सोडंल."

गिताबाईंना ते पटलं. आबांच्या दारातल्या गाडीने माहेरी जायचं, याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला असावा.

त्या संध्याकाळी पृथ्वीराज आणि त्याचे मित्र खळ्यावर गाडीचे दरवाजे उघडे टाकून गाणी ऐकत बसले. अमावास्येच्या सकाळी बिरदेवने गाडी धुतली, लिंबू-मिरची बांधली. धुतानाही गाणी चालू होती. त्या दिवशी गाडी खळ्यावरून हलली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना हर्षदाच्या अंगावरून रक्त जायला लागलं. बाळंतपणाला अजून महिनाभराचा अवकाश होता.

खळं उतारावर आहे. आबांची जुनी जीप पंधरा वर्षं तिथेच उभी राहायची, कारण बॅटरी असो नसो, उतारावर ढकलली की ती चालू व्हायची. नवी गाडीही त्याच जागी लावायची सवय पडली होती. आबा ओट्यावरून ओरडले, "ढकला! जीप घेत न्हवती व्हय? ही बी घील."

पृथ्वीराज बनियनवरच धावत आला. शेजारच्या वस्तीवरचे सोपानराव आणि आणखी दोघं आले. गाडी उताराला सुटली, बिरदेवने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, चाकं फरफटली, हिसका बसला. हर्षदा ओरडली. इंजिन गप्प.

जुन्या इंजिनाला फक्त डिझेल लागायचं. ह्या इंजिनात डिझेल सोडायचं कामही विजेवर चालतं. बॅटरी पार मेली असेल तर गाडी डोंगरावरून ढकलली तरी उपयोग नाही. हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी गाडी पुन्हा वर ओढली, हर्षदासकट.

"आवं, तिला खाली घ्या!" गिताबाई म्हणाल्या. "दुसरं कायतरी वाहन बघा!"

"घील, घील. अजून एक डाव," आबा म्हणाले.

तो एक डाव झाला, त्यानंतरही एक झाला. बिरदेव स्टिअरिंगवर होता; दर वेळी तो आबांकडे बघायचा आणि क्लच सोडायचा. शेवटी सोपानरावांनाच सुचलं. ते वस्तीवर गेले, ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि वायरी जोडल्या. गाडी पहिल्याच चावीला चालू झाली. त्याबरोबर मागचा खोका धडाडला. गाणं जिथे थांबलं होतं तिथून, पूर्ण आवाजात. बिरदेवने गुडघ्यापाशी हात घालून बटण दाबलं तेव्हा आवाज थांबला. बटण चालू होतं, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

दौंडच्या दवाखान्यात मेलेली मुलगी जन्माला आली. हर्षदा वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वार आधीच सुटली होती. लवकर आणलं असतं तर मुलगी वाचली असती का, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. लवकर आणायला हवं होतं, एवढंच सांगते."

गिताबाईंना तेवढं पुरे होतं. हर्षदा दवाखान्यातून आली त्या दिवशी त्या बंगल्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ज्याने बटण चालू ठेवलं नाही त्याने देवाचा भंडारा उचलून शपथ घ्यावी. बंगल्याशेजारच्या बिरोबाच्या देवळात खोटा भंडारा कुणी उचलत नाही, असं सगळे मानतात. आबा रागावले. "चांगुलपणानं गाडी दिली, आन् आता आमालाच देवळात उभं करता?" पण पृथ्वीराजने वेळ घेतला नाही. चपला काढल्या, देवळात गेला, चिमूटभर भंडारा उचलला. "मी बटण बंद केलं हुतं," म्हणाला, आणि कपाळाला लावून बाहेर आला.

बिरदेव देवळाच्या पायरीवरच उभा होता.

"जावई, उचला," गिताबाई म्हणाल्या.

"चावी काढल्याली आठवती," तो म्हणाला. "बटणाचं ध्यान न्हाई."

"बघा! गाडी धुतल्याली ध्यानात हाय, लिंबू बांधल्यालं ध्यानात हाय," पृथ्वीराजच्या एका मित्राने गर्दीतून म्हटलं. एकदोघं हसले.

बिरदेवचा बाप भिमा पुढे आला. "एवढा मोठा आवाज माझा पोरगा कवाच लावत न्हाई. इचारा कुणालाबी."

"भिमाआप्पा, गाडी धुताना पाणी वाजतं," पृथ्वीराज शांतपणे म्हणाला. "मग आवाज वाढवावाच लागतो की."

"उचल की रं," भिमा मुलाला म्हणाला. "तुझं मन साफ हाय ना?"

"मन साफ हाय, आप्पा. आठवत न्हाई, त्याला मी काय करू?"

त्याने भंडारा उचलला नाही. आबा ओट्यावरून उठले. "झालं. कळलं समद्यांना." आणि ज्यांना तोवर काहीच कळलेलं नव्हतं, त्यांनाही कळल्यासारखं झालं. हर्षदा घराच्या दारात बसून बघत होती. संध्याकाळच्या एसटीने ती आईबरोबर निमोण्याला गेली.

बिरदेवला कामावरून कुणी काढलं नाही. तोच दुसऱ्या दिवशी चावी बंगल्यात ठेवून आला. मरून गेलेली बॅटरी कंपनीने वॉरंटीत बदलून दिली. वायरिंगला कुठे ब्लेड लागलेलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी बिरदेव निमोण्याला गेला. गिताबाईंनी चहा दिला आणि त्या शेळ्यांकडे निघून गेल्या. हर्षदा चौकटीला टेकून उभी राहिली.

"तुमी त्या दिवशी उचलला का न्हाई?"

"खोटा उचलला असता तर चाललं असतं व्हय तुला?"

"मी खोटा म्हणाले का? त्येनं उचलला आन् घरी जाऊन जेवला. तुमी न्हाई उचलला. मग मी काय समजायचं?"

"मला खरंच आठवत न्हाई, हर्षदा."

"आन् ढकलताना? ते तरी आठवतंय का? आई वरडत हुती, दुसरी गाडी बघा. तुमी स्टेरिंग धरून बसला हुता. आबांकडं बघत."

यावर बिरदेव काय बोलला, हे दोघांपैकी कुणी सांगत नाही. तो शेवटच्या एसटीने एकटा परतला.

सध्या तो न्हावऱ्याजवळ खडीच्या डंपरवर आहे. हर्षदा निमोण्यात कांद्याच्या खुरपणीला जाते. दोघांच्या संसाराचं पुढे काय, हे ठरवायला दोन्हीकडच्या माणसांना बसवायचं म्हणून तिच्या चुलत्यांनी भिमाला निरोप धाडला आहे. बैठकीचा दिवस अजून ठरलेला नाही. बिरदेव त्या बैठकीला येणार का, असं विचारलं तर भिमा म्हणतो, पोराला इचारून सांगतो.