पाचवं नाव

"फळ्यावर चारच नावं?" ताईंनी दारातूनच विचारलं.

दातांचे डॉक्टर रेकॉर्ड पुसत होते. दर रविवारी दुपारी त्यांच्या बंद दवाखान्यात जॅझ आणि सोल संगीत ऐकणारे दहाबाराजण जमत. आज गावातल्या जुन्या बँडच्या दिवंगत वादकांची आठवण काढायची होती. एरवी पेशंटांचे नंबर लिहायच्या फळ्यावर गायिका, ट्रंपेटवाला, पियानोवाला आणि ड्रमवाला यांची नावं होती.

"रेकॉर्डच्या कव्हरवर आहेत ते सगळे घेतलेत, ताई."

ताईंनी कव्हर उचललं. चार हसरे चेहरे आणि उजव्या कडेला डबल बेसची, खर्जात घुमणाऱ्या त्या माणसाएवढ्या तंतुवाद्याची, नुसती मान. वाजवणारा फोटोबाहेर कापला गेला होता. तो ताईंचा धाकटा भाऊ. चार महिन्यांपूर्वी गेला.

"हा कोण मग? रेकॉर्ड त्याचीच आहे. मी आणून दिलीय."

"अहो, बेस मागे नुसता घुमत असतो," पोस्टमास्तर हसले. "ऐकू कुणाला येतो? उद्या माईक लावणाऱ्यालाही घ्याल."

ताई तीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासत होत्या. 'काही दिसत नाही' एवढ्यावर त्यांनी कधी रिपोर्टवर सही केली नव्हती.

"लावा रेकॉर्ड."

गाणं सुरू झालं. खोलीभर पाय ठेका धरू लागले, पोस्टमास्तरांची चप्पलसुद्धा. ताईंनी अ‍ॅम्प्लिफायरवरचं खर्जाचं बटण शून्यावर नेलं.

गायिका गातच होती, ट्रंपेटही वाजत होता. पण सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं झालं. एकेक पाय थांबला.

"ताई, ते बटण..."

"हात लावू नका. तुमची चौघं आहेत की. ऐका." त्यांचा आवाज चढला नाही. "त्याच्या बोटांची सालटी निघायची, पट्ट्या मी बांधायचे. त्याच्या जिवावर पाय हलवता आणि ऐकू येत नाही म्हणता? जनाची नाही, मनाची तरी ठेवा."

पोस्टमास्तरांनी पाय खुर्चीखाली ओढले. डॉक्टरांनी नाव विचारलं आणि तळाशी, उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं.

"पुसा. बाकीच्यांएवढं लिहा."

"जागा नाहीये हो."

"करा."

डॉक्टरांनी अख्खा फळा पुसला आणि पाचही नावं नव्यानं लिहिली. ताईंनी ती वाचली, मगच बटण जागेवर आणलं. पाय पुन्हा हलू लागले.

ताईंचे हलले नाहीत. कव्हर मांडीवर घेऊन, कडेच्या त्या लाकडी मानेवर अंगठा दाबून त्या गाणं संपेपर्यंत बसून राहिल्या.