डिकीतल्या डब्याचा सांधा

धम्मशीलाच्या पायाला मघापासून भिंगरी लागली होती. दुकानातून गाडीकडे, गाडीकडून दुकानात, आणि मध्येच रस्त्यापर्यंत जाऊन बाबा येत तर नाहीत ना ते बघायचं. जळगाव जामोदच्या स्टँडवरून चहा आणायला तुम्हाआम्हाला वीस मिनिटं पुरतात. तिच्या बाबांना, भाऊरावांना, चाळीस लागत, कारण वाटेत भेटेल त्याला थांबवून ते त्याच्या घराच्या चौकटी-दारांची विचारपूस करत. एरवी ती या सवयीवर चिडायची. आज मात्र बाबांना अख्खं गाव भेटावं असं तिला वाटत होतं. चहाला तिनेच त्यांना पिटाळलं होतं.

गाड्यांना साऊंड बसवणं हे तिचं काम, आणि वूफरचे, म्हणजे दणक्याच्या मोठ्या स्पीकरचे, लाकडी डबे करणं बापाचं. डबा डिकीत बसतो आणि तो हवाबंद लागतो. हवा कुठून फुटली की दणका गेलाच, नुसती भुणभुण उरते. म्हणून डबा बसवला की ती वूफरवर जाड आवाज सुरू करायची, दुकानातल्या बुद्धांच्या फोटोपुढची एक अगरबत्ती घ्यायची आणि सगळ्या सांध्यांवरून फिरवायची. धूर सरळ वर गेला तर डबा पक्का. चार वर्षांत भाऊरावांच्या एकाही डब्यावर धूर हलला नव्हता.

आज हलला. मागच्या बाजूला, तळाच्या तिरप्या सांध्यावर धूर आला की तो थरथरून बाजूला पळायचा. तिने वाऱ्याला दोष दिला, शटर अर्धं ओढलं, पुन्हा पाहिलं. मग गाडी आत घेऊन तिसऱ्यांदा पाहिलं. धूर काही ऐकेना.

दुसऱ्या कुणाचा डबा असता तर फट बुजवायच्या सिलिकॉनची नळी दाबून ती मोकळी झाली असती. पण भाऊरावांचा स्वभाव सगळ्या तालुक्याला ठाऊक. सांध्यात लांबी, म्हणजे फटी लपवायचा लगदा, भरणाऱ्याला ते सुतार म्हणतच नसत, लोणी लावणारा म्हणत. काचबिंदूने डावा डोळा गेला आणि उजवाही अंधुक व्हायला लागला, तेव्हा तिने भीतभीत काम थांबवायचं सुचवलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, "माह्या सांध्यात ज्या दिवशी लांबी भरा लागन, त्या दिवशी करवत ठेवतो खाली. तोवर तू बोलू नोको."

बाबा बोलले की बोलले. आई गेली तेव्हा पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला हा माणूस करवत हातात घेतल्यावरच पुन्हा जेवायला लागला होता. करवत सुटली तर ते पुन्हा त्या भिंतीकडे वळतील, याची तिला भीती वाटत होती. एका फटीपायी तिला बाप गमवायचा नव्हता.

आणि त्यात सकाळी तर ते किती छान बोलले होते. कोपऱ्यांच्या बारक्या पट्ट्या चक्क तिला मशीनवर कापायला सांगितल्या. एरवी मशीनच्या नावाने नाक मुरडणारा माणूस! म्हातारा निवळला म्हणून ती मनातल्या मनात खूष झाली होती.

तेवढ्यात दीपकचा चौथा फोन आला. गाडी त्याची, उद्या दुपारी रोहिणखेडला त्याच्या भाचीचं लग्न, आणि त्याला संध्याकाळीच गाडी हवी होती. सिलिकॉन रात्रभर वाळू द्यावं लागतं, ओल्यावर वूफर बसवला तर त्याच्या वाफेने खराब होईल, असं तिने दोनदा समजावलं. सकाळी दहाला ये म्हणाली आणि त्याची कुरकुर संपायच्या आत फोन ठेवला.

आठ स्क्रू काढून तिने वूफर बाहेर घेतला. डिकीत अर्धी वाकून, वूफरच्या भोकातून खांद्यापर्यंत हात डब्यात घातला. काम आतून करायचं, सिलिकॉन बिनरंगाचं, बाबांना दिसायचा प्रश्नच नव्हता. एका कोपऱ्यात नळी दाबून ती बोटाने सांधा चाचपत पुढे सरकली आणि मधेच थांबली.

बोटाला काहीतरी लागलं होतं. वरून कडक, दाबलं की आत ओलं. तिने नखाने थोडं उकरून उजेडात आणलं. फेविकॉलमध्ये कालवलेला लाकडाचा भुसा. वाळताना तो आकसला होता आणि कडेने फट पडली होती, धूर तिथेच हलत होता.

तिने पुन्हा हात घातला. सगळ्या सांध्यावर अंगठा दाबून ओढल्याची पन्हळ होती. तो अंगठा तिचा नव्हता, आणि या दुकानात तिसरं माणूस काम करत नव्हतं.

"सापडलं काय?" मागून आवाज आला.

ती दचकून उठली ती डिकीच्या झाकणावर डोकं आपटूनच. चहाची पिशवी हातात धरून भाऊराव उभे होते. "वायर पाहून राह्यली होती," असं काहीतरी ती पुटपुटली.

"आंबट वास येऊन राह्यला सिलिकॉनचा," ते म्हणाले. "डोळा गेला, नाक आहे अजून मले."

"मंग मले काऊन नाई सांगतलं बाबा?"

"तू मले चहाले काऊन धाडलं?"

चहाची पिशवी त्यांनी जपून स्टुलावर ठेवली. मग सगळं सांगितलं. काल तिरपा काप घेताना रेघच दिसली नव्हती, अंदाजाने करवत चालवली. आज ती यायच्या आधी पहाटे येऊन भुसा कालवला, चोरासारखा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"अन् करवत?" तिने विचारलं.

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. करवत खिळ्यावर होती, तेल लावून, फडक्यात गुंडाळून, वर सुतळीच्या दोन गाठी. सकाळपासून धम्मशीला त्या खिळ्यापुढून पन्नास वेळा तरी गेली असेल. पट्ट्या मशीनवर का कापायला लावल्या ते तिला आता कळलं. ती रडली, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत.

भाऊरावांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "उरलेलं भरून घे, बाई. पोराच्या घरी लग्न आहे. बॅटरी दे इकडं, मी धरतो."

ती पुन्हा डिकीत वाकली. त्यांनी दोन्ही हातांनी बॅटरी धरून भोकातून उजेड टाकला. तो सांध्यापासून चांगला चार बोटं बाजूला पडला.

"दिसते ना नीट?"

"हाव बाबा," ती म्हणाली आणि अंधारात बोटाने चाचपत सांधा भरत गेली.