वेल्फेअरची बाई

तर्जनीच्या टोकावर धुळीचा करडा ठिपका, एवढासा, आणि टालिया तो सगळ्या वर्गाला दाखवत होती – बोट उंच, भुवया त्याहून उंच, ओठ असे आवळलेले की मागच्या बाकावरचा ब्रोडीसुद्धा खिदळला. "बाई, घरात लहान मुलं, आणि ही घाण?" नाटकात आई झालेली वर्गमैत्रीण केली टेबलामागे हसू दाबता दाबता लाल झाली. टाळ्याच टाळ्या.

इतिहासाच्या मिस हॅलोरननी आज धडाच असा घेतला होता. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या वर्गाने आई व्हायचं, अर्ध्याने वेल्फेअर – म्हणजे ती सरकारी माणसं, जी पूर्वी नदीकाठच्या मिशनवर, म्हणजे आदिवासींना ठेवलेल्या वस्तीवर, आपल्या लोकांच्या घरांत शिरायची, डबे उघडायची, गाद्या उलटायची, आणि काही कारण सापडलं की पोरं मोटारीत घालून न्यायची. कायमची. मागच्या वर्षीची टालिया असती तर जॅकेटात तोंड खुपसून बसली असती. पण या वर्षी तिला तिचा आवाज सापडला होता, चांगला खणखणीत, आणि तो लावायला तिला फार म्हणजे फार आवडायचं.

"कुठून शिकलीस गं हे?" मिस म्हणाल्या. "शुक्रवारी सगळ्या शाळेपुढे करशील? तुझ्या आजीला बोलावू या. पहिल्या रांगेत."

"करीन की!"

म्हणून मोकळी झाली... आणि जागेवर येऊन बसल्यावर तो पहिला प्रश्न मागाहून पोचला. कुठून शिकलीस?

नॅनकडून, आजीकडून. आणखी कुठून? बाहेर गाडीचं दार वाजलं की आमची नॅन खिडकीशी जात नाही. आधी वरच्या फळीवरून बोट फिरवते, बोट उजेडात धरते, मग डब्यांची लेबलं पुढे करते, मग उशी उलटून बघते – आणि पाहुणा कोण, तर पोस्टमन! आम्ही भावंडं हसून लोळायचो, मी सगळ्यात जास्त, मी तर नक्कल करायचे, आणि नॅनही हसायची, "फाजील कार्टी" म्हणायची... नि बोट पुन्हा एकदा फिरवायची.

एकदाच, बटाटे सोलताना, ती म्हणाली होती, "क्लॅरीला नेलं ना, त्या दिवशी फळी पुसायचं काम माझ्याकडे होतं."

क्लॅरी तिचा धाकटा भाऊ, चार वर्षांचा. नॅन तेव्हा आठची. टालियाने ते ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं, आणि विचारलं होतं – मीठ किती घालू?

घरी पोचली तर नॅन ओट्याशी वाट बघत उभी. निळा झगा इस्त्री करून खुर्चीवर टाकलेला.

"शाळेतून फोन होता. म्हणे माझी नात शुक्रवारी नाटकात काम करतेय. माझी! जी दुकानात पाव मागायचा तर मला पुढे ढकलायची!"

"नॅन, तू नाही आलीस तरी..."

"येणार नाही तर काय! तुझ्या मावशीलाही सांगून टाकलंय. तर, कोण होणारेस तू?"

सांगता येईल. आईचं काम करतेय म्हणून सांगता येईल. केलीला गाठायचं, कामं बदलून घ्यायची, मिसना काहीतरी थाप मारायची... टालिया मनातल्या मनात टेबलामागे जाऊन उभीही राहिली, आई होऊन. आणि तिथे तिला काहीच सुचेना. हात कुठे ठेवायचे? मोटार धूळ उडवत निघाल्यावर नॅनची आई धावली, की दारातच खाली बसली, की आठ वर्षांच्या पोरीकडे वळून तिने फळीकडे बघितलं... हे नॅनने कधी करून दाखवलं नव्हतं. घरात सगळ्यांना करून दाखवता येत होती ती फक्त ती दुसरी, वेल्फेअरची बाई.

"सांग ना गं," नॅन हसत म्हणाली, "कोण?"

त्या दिवशी तिच्या आईने काय केलं, हे विचारायचं तर कुठून सुरुवात करायची – आणि विचारलं, तर नॅनच्या तोंडावरचं हे हसू राहील का...